मत विचारण्याची भाषा : मराठी विद्यार्थी आणि इंग्रजीचे अध्यापन

इंग्रजीच्या अध्यापनातील एक प्रश्न मराठी वाङ्मयाला वाहिलेल्या पत्रिकेत का मांडावा, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रारंभीच दिलेले बरे. मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी इंग्रजी बोलताना ज्या जागी अडखळतो, त्यांतील पुष्कळ जागांचा उलगडा इंग्रजीच्या व्याकरणात होत नाही. तो मराठीच्या घडणीत आणि मराठी समाजाच्या बोलण्याच्या रीतिभातीत होतो. इंग्रजीच्या शिक्षकाला चूक दिसते, परंतु तिचे मूळ सांगता येत नाही. मराठीच्या शिक्षकाला मूळ ठाऊक असते, पण ते सांगण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. दोन्ही विभाग एकाच इमारतीत, बहुधा एकाच मजल्यावर असूनही असे घडते.

प्रस्तुत लेखात अशा एकाच जागेचा विचार करावयाचा आहे : समोरच्या व्यक्तीचे मत विचारणे. कृती लहान दिसते. तिचे परिणाम मात्र लहान नाहीत. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड अशा तालुक्यांतून कोल्हापुरात शिकावयास आलेला पदवीधर नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्यास जातो. तेथील गटचर्चेत त्याने दुसऱ्यास बोलते करावे, त्याचे मत घ्यावे आणि ते घेऊन पुढे जावे अशी अपेक्षा असते. गावकीच्या बैठकीत पाण्याच्या पाळीवरून तासभर वाद घालू शकणारा हा तरुण तेथे गप्प बसतो. किंवा अशा रीतीने विचारतो की ऐकणाऱ्यास तो उद्धट वाटावा. क्रियापदाचा काळ चुकला असता तर 'याचे इंग्रजी कच्चे आहे' एवढाच शेरा त्याला मिळाला असता. विचारण्याची रीत चुकली की शेरा त्याच्या स्वभावावर बसतो. जेनी टॉमस या ब्रिटिश भाषाभ्यासिकेने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमका हाच भेद दाखविला आहे. परभाषेत बोलणाऱ्याच्या व्याकरणाच्या चुका श्रोता ओळखतो आणि क्षमा करतो; उपयोजनाच्या चुका त्याला चुका म्हणून दिसतच नाहीत, त्या असभ्यता म्हणून दिसतात. या उपयोजनाच्या चुकांचेही त्यांनी दोन प्रकार मानले. एकात मनातला हेतू योग्य असतो, पण त्यासाठी निवडलेले शब्द परभाषेत भलतेच वजन घेऊन येतात. दुसऱ्यात शब्द बरोबर असतात, पण कोणी कोणाला काय विचारावे याचा सामाजिक अंदाज चुकतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले आढळतात, आणि ते वेगळे करून पाहिल्याशिवाय शिक्षकाला काही करता येत नाही.

कोल्हापूरच्या परिसराला इंग्रजी शिक्षणाची परंपरा नवी नाही. राजाराम महाविद्यालयाची स्थापना १८८० ची. कन्नडचे थोर कवी आणि इंग्रजीचे प्राध्यापक वि. कृ. गोकाक १९५० च्या सुमारास या महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि १९५८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालकपदही पुढे त्यांच्याकडे आले. देशातील इंग्रजी अध्यापनाची दिशा ठरविणाऱ्या संस्थेच्या प्रमुखास कोल्हापूरच्या वर्गखोल्यांचा अनुभव होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ग्रामीण भागातील महाविद्यालयांतून इंग्रजी आवश्यक विषय म्हणून पोहोचले. २००० पासून, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले.

तरीही इंग्रजी शिकण्याची आपल्या मनातील प्रतिमा बराच काळ तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने घडविलेली राहिली. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे. इंग्रजी वाक्य घ्यावे, त्याचे मराठी करावे. या पद्धतीची हेटाळणी करण्याची आता प्रथा पडली आहे; ती मला मान्य नाही. पिढ्यान्‌पिढ्यांनी तिच्या आधारे इंग्रजी वाचले, आणि दोन भाषांची वाक्ये शेजारी ठेवून पाहण्याची सवय ही भाषाभ्यासाची उत्तम सवय आहे. तिची मर्यादा एवढीच की तीत वाक्य कोण कोणाला बोलतो आहे हे कळत नाही. १९७० नंतरच्या दशकात युरोपात ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. ऑस्टिन यांच्या १९६२ मधील ग्रंथाने बोलणे ही कृती आहे हा विचार रुजविला होता. डेल हाइम्स यांनी व्याकरणज्ञानापलीकडच्या संप्रेषणक्षमतेची कल्पना मांडली. युरोप परिषदेसाठी व्हॅन एक यांनी १९७५ मध्ये आणि विल्किन्स यांनी १९७६ मधील आपल्या पुस्तकात अभ्यासक्रमाची मांडणी भाषिक कार्यांनुसार केली. विनंती करणे, नकार देणे, क्षमा मागणे, मत विचारणे, असे पाठ तेथून आपल्या पाठ्यपुस्तकांत आले.

मात्र येताना ते याद्यांच्या रूपाने आले. 'व्हॉट डू यू थिंक अबाउट', 'हाऊ डू यू फील अबाउट', 'व्हॉट इज युअर ओपिनियन ऑन', 'व्हॉट आर युअर व्ह्यूज ऑन' अशी वाक्ये एकाखाली एक छापलेली असतात, आणि विद्यार्थ्याची समजूत होते की ही सर्व एकाच अर्थाची आहेत, हवे ते उचलावे. तो उचलतोही, आणि जवळजवळ नेहमी 'व्हॉट इज युअर ओपिनियन' हेच उचलतो. असे का होते, हे मराठीकडे पाहिल्यावर कळते.

'ओपिनियन' म्हणजे 'मत' हे समीकरण शाळेत पक्के झालेले असते. आता, मराठी माणूस बोलताना 'मत' हा शब्द कितीदा वापरतो? प्राचीन मराठीपासून या शब्दाला सिद्धांताची, पंथाची छटा आहे. अद्वैत मत, महानुभाव मत असे आपण म्हणतो. आधुनिक काळात निवडणुकीने त्याला आणखी एक अर्थ दिला. 'तुमचे मत काय?' हा प्रश्न म्हणून एक तर परिसंवादात शोभतो किंवा मतदानाच्या आदल्या दिवशी. घरात, दुकानात, कट्ट्यावर तो कोणी विचारीत नाही. महाद्वार रोडवरच्या दुकानात साडी अंगावर धरून बहीण बहिणीला 'ही कशी दिसते गं?' असे विचारते. 'या साडीविषयी तुझे मत काय?' असे विचारले तर ती थट्टाच ठरेल. याचा अर्थ मराठीत मत विचारले जात नाही असा मुळीच नाही. ते सतत विचारले जाते. फक्त 'मत' हा शब्द टाळून. आपल्या भाषेत तर 'विचार' आणि 'विचारणे' यांचे मूळ एकच आहे, आणि 'त्यांचा विचार घे' या बोलीतल्या वाक्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

मराठीतील या रीती एकत्र करून पाहिल्या तर त्यांची विभागणी फार सूक्ष्म आहे असे दिसते. अनुभवलेल्या गोष्टीविषयी 'कसे वाटले?' असे विचारतात : नाटक कसे वाटले, गाव कसे वाटले. अजून निकाल न लागलेल्या प्रश्नाविषयी 'काय वाटते?' असे विचारतात. निर्णय घ्यावयाचा असेल तर विचारणारा समोरच्याचा उल्लेखही करीत नाही, 'काय करावे?' एवढे विध्यर्थी रूप पुरते आणि त्यात सल्ल्याची मागणी अध्याहृत असते. 'काय म्हणता?' यात बातमी आणि मत यांची सीमारेषा पुसट आहे. 'तुमचे काय म्हणणे आहे?' याला मात्र चावडीचा आणि कचेरीचा वास आहे, आणि 'तू' वापरून तेच विचारले, 'काय म्हणणं आहे तुझं?', की भांडणाला तोंड फुटते. नामांचीही अशीच वाटणी आहे. थोरामोठ्यांकडून आपण अभिप्राय घेतो, वडीलधाऱ्यांचा सल्ला, बरोबरीच्यांशी मसलत, आणि जेथे माणसाची बुद्धी चालत नाही तेथे देवाचा कौल. सल्ला, मसलत आणि कौल हे तिन्ही शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने आलेले. अभिप्राय आणि मत संस्कृतातून आलेले. दरबार आणि पोथी यांनी आपसात वाटून घेतलेले हे क्षेत्र आहे, आणि रोजच्या बोलण्यासाठी उरले ते एक साधे देशी क्रियापद : वाटणे.

या क्रियापदापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. 'मला वाटते' या प्रयोगात ज्याला वाटते तो चतुर्थीत असतो. विचार करणारा येथे कर्ता होत नाही. विचार त्याच्याकडे येतो. ही रचना एकट्या मराठीची नव्हे. कॉलिन मसिका यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात ती दक्षिण आशियाच्या भाषिक क्षेत्राच्या लक्षणांत गणली आहे. इंग्रजीत मात्र 'आय थिंक' म्हणणारा पूर्ण कर्ता असतो. त्यामुळे 'वाटणे' या एका क्रियापदाचे इंग्रजीत तीन-चार तुकडे होतात : 'थिंक', 'फील', 'सीम', 'लाइक'. मराठी विद्यार्थी 'नाटक कसं वाटलं?' यातील 'कसं' सोडावयास तयार नसतो आणि 'हाऊ यू फेल्ट द प्ले?' असे विचारतो. येथे 'हाऊ' धरले तर 'हाऊ डिड यू लाइक द प्ले?' म्हणावे लागते, आणि 'थिंक' धरले तर 'हाऊ' सोडून 'व्हॉट डिड यू थिंक ऑफ द प्ले?' म्हणावे लागते. प्रश्नार्थक शब्द आणि क्रियापद यांची जोडी शिकवायची असते, सुटे शब्द नव्हेत. उलट 'माझ्या मते' याचे 'अकॉर्डिंग टु मी' होते, कारण मराठीत 'त्यांच्या मते', 'तुमच्या मते', 'माझ्या मते' ही एकाच साच्यातील रूपे आहेत. इंग्रजीत 'अकॉर्डिंग टु' दुसऱ्याच्या कथनाचा हवाला देण्यासाठी येते. स्वतःपुढे लावले तर ते विचित्र वाटते एवढेच. पण 'अकॉर्डिंग टु यू, इज इट राइट?' असे समोरच्याला विचारले, तर 'हे तुम्ही म्हणता, पण मला शंका आहे' असा सूर त्यातून निघू शकतो. आपला विद्यार्थी नम्रपणे 'तुमच्या मते' एवढेच म्हणत असतो. टॉमस यांच्या पहिल्या प्रकाराचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

याहून महत्त्वाची अडचण वाक्यरचनेची आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. 'तुम्हाला काय वाटतं, तो कुठे गेला असेल?' हे अगदी सामान्य मराठी वाक्य आहे. यात प्रश्नार्थक शब्द दोन आहेत, 'काय' आणि 'कुठे'. उत्तर मात्र एकाच शब्दाला मिळते : 'गडहिंग्लजला'. 'काय'ला उत्तर नसते. मग तो तेथे कशासाठी आहे? तो पुढे येणाऱ्या खऱ्या प्रश्नाची वर्दी देतो. गौण वाक्यातील प्रश्न हा संपूर्ण वाक्याचा प्रश्न आहे असे तो मुख्य वाक्यात उभा राहून सांगतो. हिंदीतील 'क्या' हेच काम करतो आणि त्यावर विनीता दयाल यांचा १९९४ मधील निबंध भाषाविज्ञानात प्रसिद्ध आहे. जर्मन भाषेतही नेमकी अशी रचना आढळते. इंग्रजीत ती नाही. इंग्रजीत खरा प्रश्नार्थक शब्दच उचलून वाक्याच्या आरंभी न्यावा लागतो : 'व्हेअर डू यू थिंक ही हॅज गॉन?'

विद्यार्थी काय म्हणतो हे प्रत्येक शिक्षकाने ऐकलेले आहे : 'व्हॉट डू यू थिंक, व्हेअर ही हॅज गॉन?' शिक्षक तांबड्या शाईने 'व्हॉट' खोडतो आणि 'एका वाक्यात दोन प्रश्न नकोत' असे सांगतो. विद्यार्थ्याला ते पटत नाही आणि पटू नये हेच योग्य आहे, कारण त्याच्या भाषेत तेथे दोन प्रश्न नाहीतच. त्याचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. हेच वाक्य त्याने जर्मनमध्ये केले असते तर त्याला पूर्ण गुण मिळाले असते. शिवाय इंग्रजी बोलणारेही 'व्हॉट डू यू थिंक? विल इट रेन?' असे दोन सुटी वाक्ये जोडून म्हणतात, आणि ते ऐकून विद्यार्थ्याचा समज अधिक दृढ होतो. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर अपेक्षित असलेल्या प्रश्नात ही जोडणी खपून जाते. 'कुठे', 'कोण', 'केव्हा' यांचा प्रश्न आला आणि दुसऱ्या भागात क्रियापदाची उलटापालट झाली नाही, की परकेपण उघडे पडते.

येथे मराठीच्या शिक्षकाची मदत खरोखर उपयोगी पडते. मराठीत याच आशयाची दुसरीही रचना आहे : 'तो कुठे गेला असेल असं तुम्हाला वाटतं?' गौण वाक्य आधी आले, त्याला 'असं'ने बांधले, आणि 'काय' नाहीसा झाला. आता प्रश्नार्थक शब्द एकच उरला. मराठीच्या स्वाभाविक क्रमाने 'कुठे' आणखी पुढे आणता येतो : 'कुठे गेला असेल तो, असं तुम्हाला वाटतं?' यातील 'तुम्हाला वाटतं' एवढाच तुकडा शेवटून उचलून 'कुठे'च्या लगत ठेवला की इंग्रजी वाक्याचा सांगाडा हाती येतो : 'कुठे – तुम्हाला वाटतं – तो गेला असेल'. ही पायरी फळ्यावर तीन ओळींत दाखविता येते. मिश्र वाक्यातील प्रधान आणि गौण वाक्ये ओळखणे हे विद्यार्थ्याने मराठीच्या व्याकरणात आधीच केलेले असते. तेथील ते कोरडे वाटणारे पृथक्करण इंग्रजीच्या तासाला कामास येऊ शकते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते एवढेच.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. मराठीत मत विचारण्यापूर्वी 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून एकाची निवड करावीच लागते. सर्वनाम गाळले तरी क्रियापदाचा प्रत्यय नाते सांगून जातो. इंग्रजीतील एकट्या 'यू'ने ही सोय काढून घेतली आहे. मग आदर ठेवायचा कोठे? विद्यार्थी तो दोन शब्दांत ठेवतो, 'सर' आणि 'प्लीज'. 'सर, प्लीज टेल युअर ओपिनियन सर' या वाक्यात आदराची कमतरता नाही, किंबहुना तो उतू जातो आहे. तरी इंग्रजी कानाला हे वाक्य आज्ञेसारखे ऐकू येते, कारण क्रियापद आज्ञार्थी आहे. मराठीत आज्ञार्थ सौम्य करण्याची साधने विपुल आहेत : 'सांगा ना', 'सांगा हो', 'जरा सांगा', 'सांगा बघू'. आपल्या कोल्हापुरी बोलीत तर 'की' हा एकच निपात या सर्वांचे काम करतो. 'बोला की', 'सांगा की', 'या की' यांत आग्रह आहे, आपुलकी आहे, आणि हुकूम अजिबात नाही. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यासही हा 'की' कधीकधी रांगडा वाटतो. मग त्याचे इंग्रजीकरण तर होणेच कठीण. विद्यार्थी 'की' मनात म्हणतो आणि ओठांवर उरते ते नुसते 'टेल'.

ब्राउन आणि लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या आणि १९८७ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने आलेल्या सौजन्याच्या उपपत्तीत दोन प्रवृत्ती मानल्या आहेत : जवळीक दाखवून मान राखणे आणि अंतर ठेवून मान राखणे. त्यांच्या आधारसामग्रीत दक्षिण भारतातील तमिळ खेड्याचाही समावेश होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्रजीत अनोळखी वा वरिष्ठ व्यक्तीचे मत विचारताना दुसरी वाट धरतात. 'आय वॉज वंडरिंग व्हॉट यू थॉट ऑफ धिस' यात आत्ताचाच प्रश्न भूतकाळात ढकलला आहे. समोरच्याला नकार देण्यास मोकळीक राहावी म्हणून. हे रूप विद्यार्थ्यांना कृत्रिम वाटते, आणि काही शिक्षक 'इंग्रजांचे नखरे' म्हणून ते गाळून टाकतात. परंतु मराठीत ही सोय नाही काय? 'सर, एक विचारायचं होतं' असे म्हणत विद्यार्थी विभागाच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो भूतकाळाचाच आश्रय घेत असतो. विचारायचे 'होते' असे नव्हे, आत्ताच विचारायचे आहे. 'बघाल का जरा?' येथे भविष्यकाळ तेच काम करतो. 'आपण दोन शब्द सांगितलेत तर बरं होईल' येथे संकेतार्थ. सौजन्यासाठी काळ आणि अर्थ यांचा असा वापर मराठी विद्यार्थी रोज करतो. इंग्रजीत तो त्याला नव्याने शिकवावा लागत नाही. ओळख पटवून द्यावी लागते.

याहून अवघड आहे ते पुढच्या पावलाचे. ग्रामीण मराठी समाजात थोराने मत विचारले की धाकट्याचे पहिले उत्तर मत नसते. 'मी काय सांगणार?', 'तुम्ही म्हणाल तसं', 'तुम्ही जाणताच की' ही उत्तरे रीतीची असतात, चहाला पहिल्यांदा 'नको' म्हणावे तशी. विचारणाऱ्याने पुन्हा विचारायचे असते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खरे मत बाहेर येते, तेही 'तसं नव्हे, पण…' अशा आडवळणाने. हा संकेत दोन्ही बाजूंना ठाऊक असल्याने घोटाळा होत नाही. इंग्रजी संभाषणात एकदा 'आय डोन्ट नो' म्हटले की विचारणारा दुसऱ्याकडे वळतो. गटचर्चेत गप्प राहिलेल्या मुलाला बोलायचे नव्हते असे नाही. त्याला पुन्हा विचारले जाण्याची अपेक्षा होती. विचारणाऱ्याच्या जागी तो असला तर उलट दोष घडतो : पहिल्या उत्तरावर समाधान न मानता तो तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो, आणि श्रोत्याला ती उलटतपासणी वाटते. म्हणून मत विचारणे हे एका वाक्याचे कौशल्य म्हणून शिकवणे मला अपुरे वाटते. विचारणे, उत्तर आले नाही तर वेगळ्या शब्दांत विचारणे, आलेले उत्तर स्वीकारल्याची खूण देणे, आणि मग असहमती दर्शविणे, एवढी किमान साखळी शिकविली पाहिजे.

मतभेद नको असेल तेव्हा तर आपण मत विचारीतच नाही, संमती विचारतो. 'बरोबर आहे ना?', 'हो की नाही?', 'असंच करू या, काय?' या प्रश्नांना 'हो' हे उत्तर ठरलेले असते. 'ना' या शेपटाचे इंग्रजीत 'इजन्ट इट' होते, मग मागे कोणतेही क्रियापद असो. शिक्षक येथे व्याकरणाची चूक सुधारतो. खरी चूक अशी की विद्यार्थ्याने चर्चा उघडण्याऐवजी मिटविली आहे.

आणि येथे वर्गाकडे पाहावे लागते. आपल्या वर्गांत शिक्षक पुष्कळ प्रश्न विचारतात. त्यांतील बहुतेकांची उत्तरे शिक्षकाला आधीच माहीत असतात. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक आहे, तो मताचा प्रश्न नसतो. साहित्याच्या तासाला तरी वेगळे घडावे अशी अपेक्षा असते. पण दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेतील 'स्वमत' या प्रश्नप्रकाराचे काय होते ते पाहावे. कल्पना उत्तम होती : विद्यार्थ्याने पाठावर स्वतःचे मत लिहावे. प्रत्यक्षात बाजारातील मार्गदर्शकांत तयार 'स्वमते' छापून येतात आणि हजारो विद्यार्थी तीच पाठ करून लिहितात. 'स्व' आणि 'मत' या दोन्ही शब्दांची याहून मोठी विटंबना शोधून सापडणार नाही. पदव्युत्तर परीक्षेतील 'साधार चर्चा करा' हा प्रश्न त्याचाच थोरला भाऊ आहे. ज्याला मातृभाषेत कधी खरेखुरे मत विचारले गेले नाही, त्याने परभाषेत दुसऱ्याला ते कसे विचारावे?

न. सु. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि इतर ठिकाणच्या शाळांत केलेला कृतिकेंद्री अध्यापनाचा प्रयोग या संदर्भात आठवतो. १९८७ मधील आपल्या पुस्तकात त्यांनी वर्गातील कृतींचे तीन प्रकार सांगितले : माहितीच्या तफावतीवर, तर्काच्या तफावतीवर आणि मताच्या तफावतीवर आधारलेल्या. यांपैकी दुसरा प्रकार त्यांना सर्वांत फलदायी वाटला. मताच्या कृतीत बरोबर-चूक ठरविण्याचे साधन नसते, त्यामुळे नवशिक्या विद्यार्थ्याला आधार वाटत नाही. शाळेपुरते हे निरीक्षण मान्य करावे लागेल. महाविद्यालयात मात्र परिस्थिती वेगळी आहे. तेथे विद्यार्थी मतदार झालेला असतो, आणि त्याला मते नसतात असे मानणे हा त्याचा अपमान आहे.

अट एवढीच की प्रश्न खरा हवा. 'ध्वनिप्रदूषणाविषयी तुमचे मत काय?' हा खरा प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर सर्वांना माहीत आहे. वर्गाची सहल पन्हाळ्यास न्यावी की दाजीपूरच्या अभयारण्यात, हा खरा प्रश्न आहे, कारण त्यावर मते वेगळी पडतात आणि ठरेल त्याप्रमाणे गाडी निघते. सत्र परीक्षेपूर्वी उजळणीचे तास सकाळी ठेवावेत की दुपारी, यात एस. टी. ने येणाऱ्यांचे आणि शहरात राहणाऱ्यांचे हितसंबंधच निराळे असतात. असा प्रश्न घेऊन आधी मराठीत, आपापल्या बोलीत, चर्चा होऊ द्यावी आणि कोणी कोणाला कसे विचारले हे दोन विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावे. फळ्यावर ती मराठी वाक्येच प्रथम यावीत : 'तुला काय वाटतंय?', 'काय करायचं मग?', 'सांग की', 'मॅडमना एकदा विचारून बघू या'. प्रत्येकापुढे ते कोणी कोणाला म्हटले ते लिहावे. त्यानंतरच त्याच माणसांत, त्याच प्रसंगी, इंग्रजी काय म्हणेल हा विचार सुरू व्हावा. 'सांग की'च्या समोर 'गो ऑन, व्हॉट डू यू थिंक?' येईल, 'विचारून बघू या'तील मॅडमसाठी 'वुई वेअर वंडरिंग…' येईल. तर्खडकरी पद्धतीचाच हा एक पुढचा टप्पा आहे, फक्त येथे वाक्यासोबत माणसेही भाषांतरित करावी लागतात. मोठ्या वर्गात हे अशक्य आहे असा आक्षेप येतो. सबंध वर्षभर करणे अशक्य आहे हे खरे. चार तासिकांत करता येते.

परीक्षेचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो, कारण परीक्षेत नसलेले आपण शिकवीत नाही. संवादलेखनाचा प्रश्न सध्याही असतो. 'दोन मित्रांतील पर्यावरणविषयक संवाद लिहा' असे त्याचे ठरीव रूप आहे आणि उत्तरात दोन्ही मित्र निबंधातील परिच्छेद आळीपाळीने म्हणतात. त्याऐवजी एकच विषय देऊन विचारणारा बदलावा : विद्यार्थिनीने आपल्या मैत्रिणीला, नंतर ग्रंथपालांना, आणि शेवटी गावाहून आलेल्या आजोबांना तोच प्रश्न विचारावा, तिन्ही वेळा पहिले उत्तर 'मी काय सांगणार?' या अर्थाचे मिळाले आहे असे समजून पुढच्या चार-चार ओळी लिहाव्यात. आजोबांशी संवाद इंग्रजीत कसा होईल, असे कोणी विद्यार्थी विचारील. त्याने तो मराठीत लिहावा आणि त्याचेही गुण धरावेत. इंग्रजीची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला त्यासाठी शेजारच्या विभागात जावे लागले तर तेही होऊ द्यावे.